एका सतरा अंकी संख्येची ओळख



मनुष्याची ओळख करून देताना आपण त्याचे नाव, गाव व घराणे सांगतो. वनस्पतीची ओळख करून देताना तिचा वर्ग व कुळ सांगतो. संख्येचीही अशीच ओळख करून देता येते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. सामान्य समजूत अशी की, संख्या म्हणजे केवळ हिशेबाचे साधन होय. मोंढ्यात भाव ठरला, परीक्षेत गुण मिळाले, की तिचे काम संपले. परंतु प्रत्येक संख्येला स्वतःचा स्वभाव असतो, तिचे नातेवाईक असतात, आणि कोणत्या वर्गात तिला बसवावे ह्याचे निश्चित नियम असतात. प्रस्तुत लेखात एकाच संख्येची अशी ओळख करून देण्याचा विचार आहे. ती संख्या ही :

१२३४५६७८९८७६५४३२१

प्रथम ती वाचावी कशी, ते पाहू. आपल्या पूर्वजांनी मोठ्या संख्यांच्या स्थानांना सुंदर नावे दिली आहेत. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. ह्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावाजवळील पाटण येथे आहे. त्या परंपरेप्रमाणे ही संख्या अशी वाचावयाची : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. अर्बुद म्हणजे दहा कोटी, प्रयुत म्हणजे दहा लक्ष आणि अयुत म्हणजे दहा हजार. परार्धाच्या अलीकडच्या पायरीवर ही संख्या उभी आहे.

आता तिच्या थोरवीची कल्पना येण्यासाठी असे समजा की, कोणी एक मनुष्य दर सेकंदास एक ह्या गतीने, न झोपता, न जेवता, मोजीत बसला आहे. ह्या संख्येपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. लातूरच्या काळ्या जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, तो लाव्हारसापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनला. त्या पाषाणाच्या वयाच्या सहापट काळ नुसत्या मोजणीत जाईल! अथवा तितके ज्वारीचे दाणे घेतले आणि हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅम धरले, तर ते सर्व धान्य ३७ कोटी टन भरेल. आज साऱ्या जगात वर्षाला ज्वारी पिकते ती सुमारे ६ कोटी टन. म्हणजे सहा वर्षांचे जगाचे पीक.

इतकी प्रचंड संख्या, पण तिचा जन्म मात्र अगदी साध्या घरी झाला आहे. पुढील गुणाकार पाहा :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करीत नऊ वेळा एक लिहून, म्हणजे १११११११११ ह्या संख्येला तिनेच गुणिले, की आपली संख्या प्राप्त होते. चढणीला एकापासून नऊपर्यंत आणि उतरणीला नवापासून एकापर्यंत, अशी ही अंकांची टेकडी पाहून कोणासही कौतुक वाटेल. पण कौतुकावर थांबणे म्हणजे गणित नव्हे. 'असे का होते?' हा प्रश्न जेथे विचारला जातो, तेथे गणिताला आरंभ होतो.

कारण शोधण्यासाठी १११ × १११ हा गुणाकार पाटीवर मांडा. तीन वेळा १११ लिहावे लागते, आणि प्रत्येक वेळी ते एकेक घर डावीकडे सरकते. मग एककाच्या स्तंभात एकच १ राहतो, दशकाच्या स्तंभात दोन, शतकाच्या स्तंभात तीन. पुढे पुन्हा दोन, आणि शेवटी एक. म्हणजे उत्तरातील प्रत्येक अंक हा त्या स्तंभात किती एक आले ह्याची मोजदाद होय. नऊ एकांचा वर्ग करताना मधल्या स्तंभात नऊ एक येतात. नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक असल्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही, व टेकडीचा आकार अभंग राहतो.

ह्यावरून दहा एकांचा वर्ग केल्यास काय होईल, हे गुणाकार न करताच सांगता येते. मधल्या स्तंभात दहा एक येतील. दहा एका घरात मावत नाहीत. हातचा पुढे जाईल, आणि टेकडी ढासळेल. प्रत्यक्षात उत्तर येते ते असे : १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला, शिखरावर दोन शून्ये आली. नऊ उदाहरणांत जो नियम डोळ्यांना सत्य दिसला, तो दहाव्या उदाहरणात खोटा ठरला. मित्रहो, ह्या एका गोष्टीत फार मोठा बोध आहे. उदाहरणे कितीही मिळाली तरी ती पुरावा होत नाहीत; कारण कळले म्हणजेच नियम कोठपर्यंत चालेल व कोठे मोडेल हे कळते.

ह्याच संख्येला दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. १११११११११ ला ९ ने भागिले असता १२३४५६७९ येतात. ह्या भागाकारातही ८ नाही, हे ध्यानात ठेवा. तेथेही हातच्यानेच ८ चा ९ केला आहे. आता १११११११११ × १११११११११ ह्याऐवजी एका गुणकातील ९ काढून दुसऱ्यास दिला, तर आपली संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशी होते. आणि नऊ नवांनी गुणणे म्हणजे एक अब्जाने गुणून मूळ संख्या एकदा वजा करणे. म्हणून

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१.

दोन निराळ्या वाटांनी आपण एकाच गावी पोहोचलो. गणितात ह्यासारखे समाधान दुसरे नाही.

आता तिच्या कुळाकडे वळू. संख्येचे गुण दोन प्रकारचे असतात, आणि हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का समजून घ्यावा. काही गुण संख्येच्या अंगचे असतात. ती नागरी अंकांत लिहा, रोमन अंकांत लिहा, अथवा तितके खडे मांडा, ते बदलत नाहीत. दुसरे गुण तिच्या वेषाचे असतात. आपण दहांच्या पद्धतीने लिहितो म्हणून ते दिसतात. पद्धत बदलली की ते जातात.

पहिल्या प्रकारचे गुण प्रथम पाहू. शेवटचा अंक १ आहे, म्हणून ही संख्या विषम आहे. ती १११११११११ चा वर्ग आहे, म्हणून पूर्ण वर्ग आहे. पूर्ण वर्ग असल्यामुळे ती अविभाज्य असणे शक्यच नाही. ती संयुक्त आहे. तिचे मूळ अवयव पाडले असता असे मिळते : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. हे तिन्ही अवयव अविभाज्य आहेत. ३७ हा अवयव पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करा : १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. ही बेरीज ९९९ ची तिप्पट आहे, आणि ९९९ ला ३७ ने भाग जातो. म्हणून मूळ संख्येसही जातो. १००० ला ९९९ ने भागिले असता बाकी १ उरते, हेच ह्या युक्तीचे बीज.

मूळ अवयव कळले की एकंदर विभाजक किती ते मोजता येते. विभाजक बनविताना ३ हा शून्य ते चार वेळा, म्हणजे पाच प्रकारांनी घेता येतो. ३७ तीन प्रकारांनी, व ३३३६६७ तीन प्रकारांनी. म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. ही संख्या विषम आली, हा योगायोग नव्हे. विभाजकांच्या नेहमी जोड्या लागतात. एक लहान, एक मोठा, व दोघांचा गुणाकार मूळ संख्येइतका. फक्त पूर्ण वर्गाच्या ठिकाणी वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावते, व म्हणून एक विभाजक एकटा राहतो.

प्राचीन ग्रीकांनी संख्यांचे तीन वर्ग कल्पिले होते. संख्येखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज संख्येइतकी भरली तर ती परिपूर्ण. अधिक भरली तर अधिक. कमी भरली तर न्यून. ६ ही परिपूर्ण आहे, कारण १ + २ + ३ = ६. आपली संख्या परिपूर्ण असेल काय? येथे एक सुरेख युक्तिवाद चालतो. तिचे विभाजक ४५ आहेत व ते सर्व विषम आहेत. विषम संख्या विषम वेळा मिळविल्या की बेरीज विषमच येते. परंतु परिपूर्ण संख्येच्या बाबतीत, ती स्वतः धरून, सर्व विभाजकांची बेरीज तिच्या दुप्पट, म्हणजे सम असावयास पाहिजे. सबब ही संख्या परिपूर्ण असू शकत नाही. प्रत्यक्ष हिशेब केला तर तिच्याखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. म्हणून ती न्यून वर्गात बसते. विषम परिपूर्ण संख्या जगात एकही आजवर सापडलेली नाही, आणि तशी असूच शकत नाही असेही कोणास सिद्ध करता आलेले नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे माणसाने ज्याचा विचार केला, असा हा प्रश्न अद्याप तुमच्यासाठी शिल्लक आहे.

आता वेषाचे गुण. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलट वाचले तरी तेच राहते. तद्वत् आपली संख्या उजवीकडून वाचली तरी तीच राहते. अशा संख्येस विलोम संख्या म्हणतात. परंतु तिचे याहून मोलाचे वर्गीकरण महाराष्ट्रातच झाले आहे, आणि ते करणारे गृहस्थ कोणी विद्यापीठातील प्राध्यापक नसून एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे असता १९२७ साली त्यांस गणितातील स्वतंत्र कार्याबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते. १९८६ साली ते निवर्तले.

कापरेकरांनी आपल्या ह्या टेकडीसारख्या संख्यांच्या घराण्यास 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. हे नाव कोणा विदेशी पंडिताचे नव्हे. मुंबईजवळील डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ते आले आहे, कारण तेथे असता त्यांस ह्या संख्यांची कल्पना सुचली. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात : आदि, मध्य व अंत. आदि व अंत ह्यांची बेरीज केली की मध्यभागात जो अंक आहे त्याचीच पुनरुक्ती मिळते. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, आणि मधला अंक ३. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधला अंक ९. आगगाडीच्या फलाटावर पुष्कळ लोक उभे असतात; वेळ कोणी कसा घालवावा हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

त्यांनीच कल्पिलेला दुसरा वर्ग 'हर्षद' संख्यांचा. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिला पूर्ण भाग जातो, ती हर्षद. उदाहरणार्थ १८ : अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ ने भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. म्हणून ही संख्या हर्षद होय. तिची सर्वच भावंडे मात्र तशी नाहीत. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे, व ४ ने १२१ ला भाग जात नाही.

तिसरा वर्ग 'स्वयंभू' संख्यांचा. कोणतीही संख्या घ्या व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा : २१ + ३ = २४. येथे २१ ही २४ ची जनक झाली. काही संख्यांना असा जनक नसतो. जसे २० किंवा ३१. त्या स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू आहे काय? सतरा अंकांच्या संख्येचा जनक शोधावा कोठे, असे वाटेल. परंतु सतरा अंकांची बेरीज १५३ हून अधिक होऊच शकत नाही, म्हणून जनक असलाच तर तो फार मागे नाही. शिवाय ९ ने भागून उरणाऱ्या बाकीचा विचार केला, तर जनकास व त्याच्या अंकांच्या बेरजेस ९ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे ९, १८, २७ अशा केवळ सतराच जागा तपासावयाच्या राहतात. तपासता एकच जनक मिळतो : १२३४५६७८९८७६५४२४०. ह्याच्या अंकांची बेरीज ८१. ती मिळविली की आपली संख्या. म्हणून ती स्वयंभू नव्हे. तिला एकच एक जनक आहे.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते मात्र ६१७४ ह्या संख्येमुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. सात वेळांच्या आत ६१७४ येते व पुढे बदलत नाही. ज्या साली मराठवाडा निजामी अंमलातून मुक्त झाला, ते १९४८ घ्या. ९८४१ − १४८९ = ८३५२; आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. दोनच पायऱ्यांत काम झाले. ही गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. केंब्रिजचे थोर गणिती हार्डी, ज्यांनी रामानुजनांची योग्यता ओळखली, त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात असे मत दिले आहे की, अंकांच्या अशा गमती कोड्यांच्या सदरास शोभतात. गणितज्ञास त्यांत विशेष गोडी नसते. आपल्याकडील पुष्कळ विद्वानांचेही मत तेच होते, आणि त्यामुळे कापरेकरांच्या कार्याकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर ह्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव सर्वत्र झाले.

आक्षेपात तथ्य आहे. आपली संख्या बारांच्या पद्धतीने लिहिली, तर टेकडी दिसणार नाही, विलोमता जाईल. परंतु वेषातून अंगाची ओळख पटते, हेही तितकेच खरे. अंकांच्या बेरजेने ९ ची परीक्षा का होते, ह्याचे उत्तर 'दहाला नवाने भागिले असता बाकी एक उरते' हे आहे; आणि बाक्यांचा हा विचार पुढे वाढत जाऊन गणिताची एक मोठी शाखा झाली आहे. दारावरचे तोरण म्हणजे घर नव्हे. पण तोरण पाहून जो आत येतो त्याला घर दिसते.

हे सर्व आमच्या नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांस सांगण्याचे विशेष कारण आहे. 'लातूर पॅटर्न' हे शब्द परीक्षेतील यशामुळे साऱ्या महाराष्ट्रात परिचित झाले आहेत, आणि त्यामागील परिश्रमांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि शंभर उदाहरणे सोडवूनही ज्याने एकदाही 'का?' म्हणून विचारले नाही, त्याची गत नऊ एकांपर्यंत चालणाऱ्या नियमासारखी होते. दहावे उदाहरण निराळे आले की त्याची टेकडी ढासळते. उलट ज्याला स्तंभातील एक मोजावयास आले, त्याला अकरावे व बारावेही सोडविता येते. ह्यासाठी मोठे शहर लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. देवळालीच्या मास्तरांपाशी कागद, पेन्सिल व चिकाटी ह्यांखेरीज दुसरे भांडवल नव्हते. तेवढे आपल्या प्रत्येकापाशी आहे.

शेवटी सुटीत करण्यासाठी तीन प्रश्न देतो.

१. एक ते नऊ एकांच्या वर्गांत अंकांची बेरीज अनुक्रमे १, ४, ९, १६ अशी वर्गसंख्याच का येते?

२. ह्या नऊ वर्गांपैकी केवळ तीनच हर्षद आहेत. ते कोणते, व इतर का नाहीत?

३. १२३२१ ह्या संख्येचा जनक शोधून काढा, व तो एकच आहे हे सिद्ध करा.

उत्तरे वर्गात आणावी. परंतु उत्तराबरोबर कारणही आणावे. कारणावाचून आलेले उत्तर तपासले जाणार नाही.